फोटोसाठी वाट कोणी पाहायची?

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये अस्वलाच्या पिल्लाचा एक व्हिडिओ जगभर फिरला. रशियातला बर्फाने झाकलेला, अंगावर येणारा उतार. अस्वलाची मादी कशीबशी वर पोचते, पिल्लू मागे राहतं. ते चढतं, घसरतं, पुन्हा चढतं, पार खालपर्यंत गडगडतं आणि अखेर आईपाशी जातं. असंख्य लोकांनी 'प्रयत्न सोडू नका' असं लिहून तो पुढे पाठवला. मग वन्यप्राण्यांचे अभ्यासक बोलू लागले. चित्रण ड्रोनने केलेलं होतं. इतकं लहान पिल्लू बरोबर असताना कुठली मादी आपणहून असला निसरडा उतार धरेल, असा त्यांचा सवाल होता. डोक्यावर घोंघावणाऱ्या त्या वस्तूला बिचकूनच ती तिकडे वळली असणार, असं त्यांना दिसत होतं. पिल्लू वर पोचतच असतं, तेवढ्यात दृश्य एकदम जवळ येतं, आई पंजा मारते आणि पिल्लू पुन्हा खाली जातं. त्या क्षणावर तर त्यांनी नेमकं बोट ठेवलं.

अभ्यासकांचं म्हणणं खरं धरलं, आणि मला ते पटतं, तर जगाने चिकाटीचा धडा म्हणून जे पाहिलं त्यात धीर सुटला होता तो ड्रोन उडवणाऱ्याचा. दूर थांबायचं होतं त्याने; धडपड आली पिल्लाच्या वाट्याला.

फोटोग्राफीत धीर हवा, हे कुठल्याही कार्यशाळेत पहिल्याच तासाला सांगतात. सांगणाऱ्याचा सूर मात्र बहुधा असा असतो की धीर हा छायाचित्रकाराचा खासगी गुण आहे. असला तर फोटो चांगले येतील, नसला तर नुकसान त्याचंच. हे अर्धंच खरं आहे. चांगल्या फोटोला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या तरी खात्यातून जातो. छायाचित्रकाराने आपला दिला नाही, तर ज्याचा फोटो काढायचा त्याच्याकडून वसूल होतो. कधी तो पक्षी असतो, कधी दुःखात बसलेला माणूस, तर कधी फोटो खरा समजून पाहणारा प्रेक्षक. म्हणून हा विषय हौशी लोकांच्या स्वभावापुरता राहत नाही. स्पर्धा भरवणारे, मासिकं चालवणारे, सहली काढणारे आणि आलेला फोटो न विचारता पुढे ढकलणारे आपण, सगळेच त्यात येतो.

धीराच्या गोष्टींमधली एक फार आवडीने सांगितली जाते. २२ फेब्रुवारी १८९३ ला अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभे होते. जवळ हातात धरायचा छोटा कॅमेरा. त्या काळी असल्या कॅमेऱ्याकडे पाहून जाणकार नाकं मुरडत. हवी ती घोडागाडी हवी तिथे आली तेव्हा त्यांनी फोटो घेतला, आणि तो त्या तीन तासांचं फळ आहे असं पुढे एका लेखात स्वतःच लिहिलं. गोष्ट झकास आहे, आणि म्हणूनच जरा फसवी. तीन तास थंडीत उभा राहणारा दुसराही कुणी सापडेल. त्याच लेखात स्टिगलिट्झ यांनी जो क्रम सांगितला तो लोक विसरतात: आधी विषय निवडा, रेषा आणि प्रकाश नीट अभ्यासा, मग येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवा आणि सगळं तोलात येईपर्यंत थांबा. थांबणं शेवटी येतं. काय यायचं आहे हे ठाऊक असलेला माणूस वाट पाहतो. बाकीचे नुसते ताटकळतात.

याची उलट बाजू अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्या सर्वांत गाजलेल्या फोटोत दिसते. १ नोव्हेंबर १९४१. न्यू मेक्सिकोत गाडीने परतताना त्यांना हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र दिसला आणि खाली दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळतीचा शेवटचा उजेड. गाडी थांबवून त्यांनी घाईघाईने मोठा कॅमेरा लावला, तर उजेड मोजायचं लाइट मीटर सापडेना. चंद्राच्या पृष्ठभागाची तेजस्विता किती असते तो आकडा त्यांच्या डोक्यात होता. त्यावरून त्यांनी एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवलं आणि शटर दाबलं. दुसरा फोटो घेण्यासाठी फिल्म होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचा उजेड गेलेला. सगळा कारभार काही मिनिटांचा. मग धीर निरुपयोगी ठरला का? तो आकडा डोक्यात येण्यामागे कित्येक वर्षांचं मोजमाप होतं. आणि फोटो त्या संध्याकाळी संपलाही नाही. १९४८ मध्ये ॲडम्स यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर पुन्हा रासायनिक प्रक्रिया केली. पुढची कित्येक वर्षं ते त्याच निगेटिव्हचे प्रिंट काढत राहिले, आणि प्रिंटगणिक आकाश काळं होत गेलं. वाट पाहण्याचा काळ फोटोच्या आधी असतो तसा नंतरही असतो; शटरच्या क्षणी तो दिसत नाही इतकंच.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांत हे रोजच्या व्यवहारात दिसतं. उडताना पक्षी सहसा वाऱ्याला तोंड करून झेपावतो. शिकारी पक्षी उडण्याआधी बरेचदा शिटतो. खंड्या मासा घेऊन पुन्हा त्याच डहाळीवर येण्याची शक्यता मोठी. हे ठाऊक असलेला माणूस वारा पाठीवर घेऊन, डहाळीपासून लांब, गप्प बसतो. ज्याला ठाऊक नाही तो पक्ष्याच्या मागे मागे जातो, पक्षी उडतो, आणि त्याच्या मेमरी कार्डावर शेपट्याच शेपट्या जमा होतात. इथवर नुकसान त्याचं एकट्याचं. पण माणूस शेपट्यांना कंटाळतो आणि मग आडवाटा सुरू होतात.

पहिली आडवाट म्हणजे फोनवर पक्ष्याचा कॉल, म्हणजे त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, वाजवणं. नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला. चरणं किंवा पिल्लांना भरवणं टाकून तो आवाजाच्या दिशेने येतो, फांदीफांदीवर शोधतो, उरापोटी ओरडतो. फोटो उत्तम येतो, कारण पक्षी खरोखर चवताळलेला असतो. ती मंडळी निघून जातात, पाठोपाठ दुसरी येतात, आणि नसलेल्या शत्रूशी त्याची लढाई पुन्हा पहिल्यापासून. दुसरी आडवाट घरट्याची. माणसं जवळ उभी असली की आई-बाप आत यायला कचरतात. तेवढ्या वेळात अंडी थंड पडतात किंवा पिल्लं उन्हात होरपळतात. त्यात 'फ्रेम स्वच्छ' करायला कुणी समोरची पानं खुडली, तर जे घरटं आपल्याला नीट दिसतं ते कावळ्यालाही नीट दिसतं. तिसरी आडवाट घुबडापुढे जिवंत उंदीर सोडण्याची. लेन्सवर सरळ झेपावणारं, पंजे पसरलेलं घुबड म्हणजे हमखास दाद. पण घुबड त्यातून शिकतं की माणसं आणि रस्त्याच्या कडा म्हणजे खाणं, आणि रस्त्याच्या कडेला गाड्याही असतात.

या तिन्ही आडवाटांत समान काय? वाट पाहण्याचे तास वाचले, आणि ते पक्ष्याच्या दिवसातून कापले गेले.

आता त्या लोकांबद्दल, जे धीराचाच बाजार मांडतात. स्कॉटलंडमधल्या एका छायाचित्रकाराने खंड्याची पाण्यात शिरतानाची सरळ, थेंबही न उडवणारी बुडी टिपण्यासाठी सहा वर्षं आणि सात लाख वीस हजार फोटो खर्च केले, ही बातमी २०१५ मध्ये सगळीकडे झळकली. फोटो सुरेखच आहे, आणि त्या माणसाच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. खुपलं ते बातमीचं वळण. मथळा आकड्याचा, मजकूर आकड्याचा. त्या सहा वर्षांत त्याला खंड्याबद्दल काय कळलं, हे विचारावं असं फार कमी जणांना वाटलं. असे मथळे वाचून नवशिक्याला वाटतं की धीर म्हणजे संख्या. मग तोही बोट शटरवर दाबून धरतो आणि घरी येऊन हजारो फोटोंपुढे बसतो, पाहिल्याचं मात्र एकही आठवत नाही.

कॅमेरे तर आता बोटाचीही वाट पाहत नाहीत. सोनीचा २०२३ मध्ये जाहीर झालेला ए९-३ सेकंदाला १२० फ्रेम घेतो आणि शटर पूर्ण दाबण्याच्या एक सेकंद आधीपासूनचे फोटोही जपून ठेवू शकतो. ऑलिंपसच्या कॅमेऱ्यांत ही सोय २०१६ मध्येच आली होती, आणि इतरांनीही ती आणली. पक्षी उडाला, तुम्ही दचकलात, मग बोट दाबलं, तरी झेप कार्डावर हजर. यावर जुन्या मंडळींचा उसासा ठरलेला: आता कसब कसलं उरलं! माझं मत उलट आहे. यंत्राने चपळाई घेतली ते बरंच झालं. तिचं कौतुक जरा अतीच होत होतं. चपळाई वजा केल्यावर उरतं ते कुठे बसायचं, कधी जायचं, किती अंतर ठेवायचं आणि केव्हा उठून यायचं एवढंच, आणि त्यातलं काहीच यंत्राकडून होत नाही. शिवाय हीच सोय पक्ष्याच्या पथ्यावरही पडू शकते: झेप मिळावी म्हणून टाळी वाजवून त्याला उडवणाऱ्यांकडे आता तेवढंही निमित्त नाही.

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की सेन्सरच्या इशाऱ्यावर आपोआप फोटो घेणारा कॅमेरा, लावणाऱ्यांना तर सरळच विचारतात की धीर तुमचा की तुमच्या सेन्सरचा. सर्गेई गोर्शकोव्ह यांचा झाडाला कवटाळणाऱ्या अमूर वाघिणीचा फोटो २०२० मध्ये 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत पहिला आला. तो मिळायला अकरा महिन्यांहून जास्त काळ लागला, आणि शटर पडलं तेव्हा गोर्शकोव्ह तिथे नव्हते. पण ते झाड निवडलं कुणी? वाघांचा वास, केस, विष्ठा, खुणा हुडकत त्यांनी ते जंगल पालथं घातलं होतं. अकरा महिने वाघिणीला माणसाचा त्रास जवळपास झाला नाही, सगळा वेळ माणसाने दिला. माझ्या हिशेबात हा धीर पुरेपूर माणसाचा आहे.

माणसांचे फोटो काढताना हाच हिशेब जास्त अवघड होतो, कारण माणूस उडून जात नाही. संकोचाने बसून राहतो. १९४८ मध्ये 'लाइफ' मासिकासाठी डब्ल्यू. युजीन स्मिथ कोलोरॅडोतल्या एका गावातल्या डॉक्टरबरोबर तेवीस दिवस राहिले. सुरुवातीला त्यांच्या कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती. शटर वाजत होतं ते डॉक्टरांना त्या आवाजाची आणि या माणसाची सवय व्हावी म्हणून. पुढे १९७१ मध्ये स्मिथ आणि त्यांची पत्नी आयलीन जपानमधल्या मिनामाता इथे पाऱ्याच्या विषबाधेची कहाणी टिपायला गेले. बेत तीन महिन्यांचा होता. राहिले तीन वर्षं. तिथला सर्वांत प्रसिद्ध फोटो न्हाणीत मुलीला धरून बसलेल्या आईचा आहे. मुलगी जन्मापासून त्या विषाची बळी. फोटोने जगाला हलवलं. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, मुलीच्या आई-वडिलांची इच्छा जाणून आयलीन स्मिथ यांनी तो फोटो नव्याने छापायला देणं थांबवलं. एवढ्या महत्त्वाच्या फोटोवर पडदा टाकणं चूक, असं मानणारेही आहेत आणि त्यांची बाजू पोकळ नाही. तरी मला आयलीन यांचा निर्णय त्याच तीन वर्षांचा पुढचा भाग वाटतो. ज्यांच्या घरात राहून विश्वास मिळवला, त्यांचं ऐकण्याची मुदत फोटो छापून आला म्हणून संपत नाही.

दयानिता सिंग आणि मोना अहमद यांची गोष्ट याहून लहान आणि मला जास्त आवडणारी. १९८९ मध्ये लंडनच्या एका दैनिकाच्या कामासाठी सिंग दिल्लीतल्या हिजड्यांचे फोटो काढत होत्या. फोटो परदेशात छापले जाणार हे कळल्यावर त्यांच्यातल्याच मोना यांनी रोल परत मागितला. तिकडे त्यांचे नातेवाईक होते. सिंग यांनी रोल देऊन टाकला. त्यातून जी मैत्री झाली ती मोना यांच्या मृत्यूपर्यंत टिकली, आणि २००१ मध्ये दोघींच्या सहभागाचं पुस्तक आलं. कामावर आलेल्या छायाचित्रकाराने भरलेला रोल हातचा सोडणं म्हणजे काय, हे ज्याने कधी फिल्मवर काम केलं असेल त्याला कळेल.

पण वाट पाहिली म्हणजे झालं, असंही नाही. केविन कार्टर यांचा १९९३ मधला फोटो बहुतेकांनी पाहिला असेल: सुदानच्या दुष्काळात जमिनीवर कोसळलेलं मूल आणि मागे बसलेलं गिधाड. गिधाड पंख पसरेल म्हणून आपण सुमारे वीस मिनिटं थांबलो, असं कार्टर यांनी सांगितलं होतं. गिधाडाने पंख पसरले नाहीत. कार्टर यांनी फोटो घेतला आणि मग त्याला हाकललं. फोटो छापून आल्यावर वाचक विचारत राहिले की पुढे त्या मुलाचं काय झालं. कार्टर यांना झोडपणं सोपं आहे, आणि मी ते करणार नाही. रोगराईमुळे कुणाला हात लावू नका, असं तिथल्या छायाचित्रकारांना बजावलेलं होतं, आणि त्या एका फोटोमुळे दुष्काळाकडे जगाचं लक्ष गेलं हेही खरं. तरी ती वीस मिनिटं घशात अडकतात. स्टिगलिट्झ यांच्या तीन तासांत गारठले ते स्वतः. या वीस मिनिटांत वेळ चालला होता तो त्या मुलाचा. घड्याळ पाहून धीर ठरत नाही, तो यामुळेच.

फोटो काढून झाल्यावरच्या धीराबद्दल फारसं कुणी बोलत नाही. गॅरी विनोग्रँड हे रस्त्यावर धडाधड फोटो काढणारे गृहस्थ, धीराच्या धड्यात कुणी त्यांचं नाव घेणार नाही. पण रोल धुण्याआधी ते बराच काळ, कधी वर्षभर किंवा त्याहूनही जास्त, जाऊ देत. काढतानाची नशा उतरल्याशिवाय फोटो बरा की वाईट हे कळत नाही, असा त्यांचा अनुभव होता. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुवायचेच राहिले होते, म्हणजे हाही गुण हाताबाहेर जाऊ शकतो. आपलं दुखणं मात्र दुसऱ्या टोकाचं. फोटो संध्याकाळच्या आत सगळ्यांना दिसायला हवा, आणि जागेच्या नावासकट. २०१९ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोरजवळच्या टेकड्या खसखशीच्या रानटी जातीच्या केशरी फुलांनी भरून गेल्या. फोटो झरझर पसरले, पाठोपाठ फोटो काढायला लोटलेली गर्दी फुलं तुडवत आत शिरली, आणि अखेर प्रशासनाला तिथला रस्ता बंद करावा लागला. बहर ओसरेपर्यंत जागेचं नाव पोटात ठेवलं असतं तर फोटोत काय कमी पडणार होतं?

या सगळ्यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. धीर हा खिशात पैसे असलेल्यांचा गुण आहे. ज्याला फोटोगणिक पैसे मिळतात, ज्याचा संपादक तासाभरात फाइल मागतो, त्याने तीन वर्षं कुणाच्या गावात राहायचं? बरोबर आहे. स्मिथ यांच्या तेवीस दिवसांमागे 'लाइफ'चा पैसा होता, आणि तशी मासिकं आता जवळपास उरलेली नाहीत. म्हणून छायाचित्रकाराला उपदेश करून भागत नाही. फोटो विकत घेणाऱ्याने वेळेचे पैसे मोजले पाहिजेत. दिवसाचं मानधन द्यायचं नाही आणि जवळून टिपलेलं, थरारक, आजच्या आज हवं म्हणायचं, म्हणजे आडवाटेला लावणंच आहे. हौशी माणसाला मात्र ही सबब लागू नाही. त्याच्यावर कुणाची मुदत नसते, पोटाचा प्रश्न नसतो, आणि घरट्याजवळची गर्दी पाहिलीत तर त्यात पोटासाठी आलेला क्वचितच सापडेल.

स्पर्धांनी काही पावलं उचलली आहेत. जिवंत आमिष, प्राण्याला त्रास, यांवर मोठ्या स्पर्धांत बंदी आहे. शेवटच्या फेरीत रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, संस्कार न केलेली फाइल, मागतात. पण रॉ फाइल पिक्सेलची साक्ष देते. उंदीर कुणी सोडला, कॉल किती वेळ वाजला, याबद्दल ती मुकी असते. २००९ मध्ये फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या फोटोला याच 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि काही महिन्यांत ते काढून घेतलं गेलं. लांडगा बहुधा भाड्याने मिळणारा, माणसाळलेला होता असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला; छायाचित्रकाराने तो मान्य केला नाही. संशय फाइलमुळे आला नव्हता. लांडग्यांच्या जाणकारांना खटकलं ते असं, की खरा जंगली लांडगा उडी कशाला मारेल, फाटकाच्या गजांमधून सरळ आत शिरेल. म्हणजे वर्षानुवर्षं लांडगे पाहत बसलेल्या माणसांनीच तो फोटो ओळखला.

तेव्हा मला दोन साध्या गोष्टी हव्याशा वाटतात. वन्यजीवांच्या प्रत्येक छापील किंवा स्पर्धेतल्या फोटोखाली लेन्स आणि एक्सपोजरच्या आकड्यांऐवजी तो कसा मिळाला याच्या दोन ओळी असाव्यात: प्राणी मोकळा की पिंजऱ्यातला, आमिष होतं का, कॉल वाजवला का, घरटं जवळ होतं का. खोटं लिहिणारे लिहितील, पण निदान ते खोटं त्यांच्या नावावर राहील. आणि दुसरी गोष्ट फोटोच्या सहली काढणाऱ्यांची. तिथे आजकाल पक्षी 'नक्की' मिळण्याची हमी विकली जाते, आणि जंगलात अशी हमी देता येते ती फक्त वर सांगितलेल्या आडवाटांनीच. पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारावं की पक्षी आला नाही तर तुम्ही काय करता. 'काही नाही, रिकाम्या हाताने परत येतो' असं जो म्हणेल, त्याच्याकडे नाव नोंदवायला माझी हरकत नाही.